रिकामा खिसा, भरलेली बंदूक

पुण्यातल्या कोणत्याही मराठी वर्तमानपत्राचे शहर पान महिनाभर सलग वाचले, तर ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ हे शीर्षक एकदा तरी नजरेखालून जातेच. खालचा मजकूरही बहुधा ठरलेला असतो. गस्तीवरच्या पथकाला खबऱ्याकडून माहिती मिळते, पेट्रोल पंपाच्या किंवा सराफी दुकानाच्या आसपास अंधारात दबा धरून बसलेली काही मुले दिसतात, पोलीस छापा घालतात, दोघे-तिघे हाती लागतात आणि बाकीचे अंधाराचा फायदा घेऊन पसार होतात. मुद्देमालात कोयता, कटावणी, नायलॉनची दोरी आणि मिरची पूड हमखास असते. शिवाजीनगरच्या न्यायालयात फौजदारी कामे चालवताना असे पंचनामे माझ्यासमोर इतके आले आहेत, की मिरची पूडीपुढे लिहिलेली ‘अंदाजे किंमत’ वाचून आता हसूही येत नाही. एका खटल्यात साक्षीच्या वेळी ती पुडी उघडली गेली. वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी होती, लाखेचे सील तडकलेले होते आणि आतली पूड इतकी वर्षे पडून राहिल्याने विटकरी रंगाची झाली होती. पुडी हाताळणारा शिपाई तरीही शिंकला, आणि गंभीर चेहऱ्याने बसलेल्या सरकारी वकिलांनाही रुमाल काढावा लागला.

त्या मुलांनी नेमके काय केले होते, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. कोणाचे दुकान फुटले नव्हते, कोणाच्या डोळ्यांत मिरची गेली नव्हती आणि कोयता म्यानातून बाहेरही आलेला नव्हता. तरी जुन्या भारतीय दंड संहितेचे ३९९ वे कलम त्यांना दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी देऊ शकत होते, आणि आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ३१० व्या कलमात जाऊन बसली आहे. दरोडा म्हणायला किमान पाच माणसे लागतात, हेही इथे लक्षात ठेवायला हवे. पाचवा माणूस बहुधा पळून गेलेल्यांमध्ये असतो, असा माझा तरी अनुभव आहे.

हे कलम अपवाद आहे. एरवी आपला फौजदारी कायदा तयारीला शिक्षा करत नाही. मनात हेतू येणे, त्यासाठी साधने जमवणे, प्रत्यक्ष कृतीला हात घालणे आणि गुन्हा पूर्ण होणे अशा चार टप्प्यांतून माणूस जातो, असे कायद्याचे विद्यार्थी पहिल्या वर्षी पाठ करतात. पहिल्या दोन टप्प्यांवर कायदा माणसाला सहसा हात लावत नाही आणि तिसऱ्या टप्प्यापासून त्याला गाठतो. युद्धासाठी शस्त्रे जमवणे, खोट्या नाण्यांची साधने बाळगणे आणि दरोड्याची तयारी करणे अशा मोजक्या बाबतींत मात्र त्याने आपला हात एक पाऊल आधीच पुढे केलेला आहे. याचा एक चमत्कारिक परिणाम असा, की दुकानात शिरून गल्ल्यात हात घातल्यावर पकडल्या गेलेल्या एकट्या माणसाला इमारतीतल्या चोरीच्या प्रयत्नासाठी फार तर साडेतीन वर्षे कैद होईल, पण त्याच दुकानाबाहेर चार मित्रांसह कोयता घेऊन नुसता बसलेला माणूस दहा वर्षांच्या शिक्षेला पात्र ठरेल. टोळीची भीती वेगळी असते, हे मला मान्य आहे. पण तयारी आणि प्रयत्न यांच्यामधली रेषा नेमकी कुठे आहे, हे कायद्याने कधीच स्वच्छ सांगितलेले नसल्यामुळे ही तफावत अधिकच खुपते.

दंड संहिता १८६० सालची. तिच्या ५११ कलमांपैकी अगदी शेवटच्या कलमात गुन्ह्याच्या प्रयत्नाची सर्वसाधारण तरतूद होती. जन्मठेपेच्या किंवा कैदेच्या शिक्षेस पात्र असलेला गुन्हा करण्याचा जो कोणी प्रयत्न करील आणि त्या प्रयत्नात गुन्ह्याच्या दिशेने कोणतीही कृती करील, त्याला त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या निम्म्यापर्यंत कैद होऊ शकेल, असे ते कलम म्हणत होते. प्रयत्न म्हणजे काय, या प्रश्नाला कलमाचे उत्तर ‘प्रयत्न करताना केलेली कृती’ असे होते, म्हणजे प्रश्नच उत्तराच्या जागी बसवलेला होता. कलमाखाली मात्र दोन उदाहरणे होती. एका उदाहरणात ‘क’ दागिने चोरण्यासाठी पेटी फोडतो आणि पाहतो तो आत दागिने नाहीतच. दुसऱ्यात तो ‘य’च्या खिशात हात घालतो आणि खिसा रिकामा निघतो. दोन्ही ठिकाणी ‘क’ दोषी आहे.

व्याख्येत जे साधले नव्हते ते या दोन उदाहरणांनी किती मोठ्या प्रमाणात साधले, हे इंग्लंडकडे पाहिल्यावर कळते. संहिता झाल्यानंतर चारच वर्षांनी, १८६४ साली, इंग्लंडच्या न्यायालयाने कॉलिन्स खटल्यात नेमका उलटा निकाल दिला: खिशात काही नसेल तर चोरी होऊच शकत नाही, आणि जे होऊच शकत नाही त्याचा प्रयत्नही होत नाही. पुढे १८९२ साली तो निकाल मोडला गेला. पण अशक्य गुन्ह्याचा प्रयत्न हा वाद तिथे मिटला नाही. १९८१ साली त्यांनी खास त्यासाठी कायदा केला, तरीही १९८५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा जुन्याच वळणाने निकाल दिला, आणि १९८६ साली शिवपुरी खटल्यात स्वतःचाच वर्षभरापूर्वीचा निकाल फिरवला. त्या शिवपुरी नावाच्या माणसाने अमली पदार्थ समजून जे बाळगले होते, ती तपकिरीसारखी निरुपद्रवी पूड निघाली होती. इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाला ज्या गाठीने शतकाहून अधिक काळ छळले, ती आपल्या संहितेने रिकाम्या खिशाच्या एका वाक्यात सोडवून ठेवली होती. अर्थात ती संहिताही इंग्रजांनीच लिहिली होती, पण स्वतःच्या देशासाठी लिहिली नव्हती, आणि त्यामुळेच कदाचित ती जास्त मोकळ्या हाताने लिहिली गेली.

जिथे उदाहरण नव्हते तिथे मात्र आपणही अडखळलो. १८६७ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर फ्रान्सिस कॅसिडीचा खटला आला. त्याने जीव घेण्याच्या हेतूने बंदूक रोखली होती, पण बार उडवणारी टोपी तिच्यावर बसवलेलीच नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. न्यायालयाचे म्हणणे असे पडले, की खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ व्या कलमासाठी मुळात कृतीच मृत्यू घडवू शकेल अशी असायला हवी. टोपी नसलेली बंदूक तशी नाही, तेव्हा ३०७ लागणार नाही, मात्र शेवटचे सर्वसाधारण कलम लागू शकेल.

या निकालाची खरी परीक्षा पुण्यात झाली. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन महाविद्यालयाचे ग्रंथालय पाहत असताना त्याच महाविद्यालयाचा विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे याने त्यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. सोलापुरात आदल्या वर्षी लावलेल्या मार्शल लॉचा राग त्यामागे होता. हॉटसन वाचले. काडतूस सदोष होते म्हणा किंवा गोळी खिशातल्या चामडी पाकिटावर आणि नोटांवर अडली म्हणा, ती त्यांच्या शरीरात शिरली नाही. पुण्याच्या इतिहासात हा तरुण ‘हॉटसन गोगटे’ याच नावाने ओळखला गेला, आणि त्याची कथा शाळेच्या स्नेहसंमेलनापासून कट्ट्यावरच्या गप्पांपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळते. त्या कथेचे कायदेशीर अंग मात्र कट्ट्यावर कोणी काढत नाही, आणि मला तेच सर्वांत रोचक वाटते.

बचाव पक्षाला कॅसिडीचा आधार होता: त्या गोळीने, त्या क्षणी, त्या पाकिटावर आदळून मृत्यू होणे शक्यच नव्हते, मग खुनाचा प्रयत्न कसा? मुख्य न्यायमूर्ती ब्यूमाँट यांनी १९३२ साली दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. प्रयत्न फसलेला असतो म्हणूनच तो प्रयत्न असतो. जे घडले ते तंतोतंत तसेच पुन्हा घडले तर मृत्यू कधीच होणार नाही, ही गोष्ट प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाबाबत खरी आहे. तेव्हा ‘या कृतीने मृत्यू घडला असता तर’ हे कलमातले शब्द वाचताना परिस्थितीत काही ना काही बदल कल्पावाच लागतो. आरोपीने आपल्या बाजूने करायचे ते सगळे केले आणि त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने ते फुकट गेले, तर त्याला ३०७ लागते. गोगटे दोषी ठरले. देशभक्ताला शिक्षा देणारा निकाल म्हणून तो आवडण्याचे कारण नाही, पण फर्ग्युसनच्या ग्रंथालयातले ते चामडी पाकीट आपल्या कायद्याच्या विचाराला एक पाऊल पुढे घेऊन गेले, हेही नाकारता येत नाही. पुढे १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच बलराम बामा पाटील खटल्यात म्हटले, की ३०७ साठी झालेली जखम प्राणघातक असलीच पाहिजे असे नाही. हेतू आणि त्या हेतूने केलेली कृती पाहायची. आमच्या न्यायालयाच्या आवारात या गुन्ह्याला सर्रास ‘हाफ मर्डर’ म्हणतात, आणि जखम किती खोल यावरून तो ‘हाफ’ आहे की नाही हे पक्षकार स्वतःच ठरवून येतात. त्यांना हा निकाल समजावून सांगण्यात माझी बरीच दुपार खर्ची पडते.

अशक्यतेचा प्रश्न असा बऱ्यापैकी सुटला. जवळिकीचा प्रश्न अजून तसाच आहे. गुन्ह्याच्या किती जवळ गेल्यावर तयारीचा प्रयत्न होतो?

इथे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल एकापुढे एक ठेवून वाचले तर वाचणारा गोंधळतो. १९६१ सालच्या अभयानंद मिश्र खटल्यात एका माणसाने आपण पदवीधर आणि शिक्षक असल्याचे खोटेच सांगून पाटणा विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेला बाहेरून बसण्याची परवानगी मागितली. प्रवेशपत्र निघाले, पण त्याच्या हाती पडण्याआधी बनाव उघड झाला. न्यायालयाने म्हटले, की अर्ज लिहून तयार होईपर्यंत ती तयारी होती, आणि अर्ज विद्यापीठाकडे रवाना होताच प्रयत्न सुरू झाला. गुन्हा पूर्ण होण्याच्या वाटेवरची ती शेवटून दुसरी कृती असण्याचीही गरज नाही. स्पर्धा परीक्षांवर पेठांचा अर्धा भाग जगणाऱ्या आमच्या शहरात हा निकाल सहज समजतो. रेषा इथे अगदी अलीकडे ओढली गेली आहे.

१९६८ सालच्या मलकियत सिंग खटल्यात मात्र ती एकदम पलीकडे गेली. परवान्याविना भात घेऊन दिल्लीकडे निघालेला ट्रक समालखा नाक्यावर, दिल्लीपासून बत्तीस मैलांवर पकडला गेला. राज्याबाहेर माल नेण्यास बंदी होती. न्यायालयाने ही नुसती तयारी ठरवली, कारण सरहद्द येईपर्यंत कोणी सावध केले असते तर चालक वाटेत कुठूनही परत फिरू शकला असता. आणि बारा वर्षांनी, १९८० साली, महाराष्ट्र राज्य विरुद्ध मोहम्मद याकूब खटल्यात पुन्हा उलटे झाले. वसईजवळच्या खाडीच्या काठाशी रात्री एक जीप आणि ट्रक येऊन थांबले होते, देशाबाहेर चोरून पाठवायची चांदी ट्रकमधून उतरवून खाली ठेवली जात होती, आणि खाडीच्या अंगाने यांत्रिक होडीच्या इंजिनाचा आवाज येत होता. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने याला तयारी म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने प्रयत्न म्हटले. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात एक महत्त्वाची गोष्ट मांडली: जवळीक वेळेच्या आणि कृतीच्या संदर्भात मोजायची नाही, ती हेतूच्या संदर्भात मोजायची. त्या कृतीतून, बाकीच्या परिस्थितीसह, विशिष्ट गुन्ह्याचा हेतू पुरेशा खात्रीने उघड होतो का, ते पाहायचे.

मी अनेकदा कल्पना करतो, की होडीच्या इंजिनाचा तो आवाज आला नसता तर? चांदी तीच, खाडी तीच, रात्रही तीच. त्या आवाजावर निकाल किती टेकलेला आहे हे निकालपत्र वाचताना जाणवते. आणि परत फिरण्याची शक्यता हीच कसोटी मानली तर चांदी पुन्हा ट्रकमध्ये भरून माणसे मुंबईला जाऊ शकली असतीच. त्याहून अवघड प्रसंग १९६१ सालच्याच ओम प्रकाश खटल्यातला आहे. पंजाबातल्या एका नवऱ्याने आपल्या पत्नीला खोलीत कोंडून ठरवून उपाशी ठेवले. ती कशीबशी निसटून इस्पितळात पोचली म्हणून वाचली. उपासमारीने होणाऱ्या खुनात शेवटची कृती कोणती म्हणायची? नवरा रोजच्या रोज दार उघडून ताट आत सरकवू शकला असता. न्यायालयाने मरणाकडे नेणाऱ्या सबंध वागणुकीलाच प्रयत्न मानले, आणि ते बरोबरच होते. पण समालख्याच्या ट्रकला लावलेली कसोटी त्या दाराला लावली असती, तर तो माणूस सुटला असता.

इतर देशांनी ही रेषा कायद्यात ओढण्याचा प्रयत्न केला आहे. इंग्लंडच्या १९८१ च्या कायद्यात ‘निव्वळ तयारीच्या पलीकडची कृती’ असे शब्द आहेत, आणि त्या शब्दांनी गुलेफर नावाच्या माणसाला सोडवले. त्याने ज्या कुत्र्यावर अठरा पौंड लावले होते तो शर्यतीत मागे पडू लागताच हा हात हलवत धावपट्टीवर उतरला, म्हणजे शर्यत रद्द होऊन आपले पैसे परत मिळतील. अपील न्यायालय म्हणाले, की चोरीचा प्रयत्न अजून सुरूच झालेला नव्हता. इतपत ठीक. पण १९९६ च्या गेडीस खटल्यात शाळेच्या मुलांच्या स्वच्छतागृहात चाकू, दोरी आणि चिकटपट्टी बाळगून वावरलेल्या माणसाची शिक्षाही याच शब्दांमुळे रद्द झाली, कारण तो कोणत्याही मुलाच्या संपर्कात आलेला नव्हता. तिथल्या विधी आयोगाने २००७ साली तयारीचा वेगळा गुन्हा करण्याची सूचना मांडली आणि २००९ च्या अहवालात ती मागे घेतली. अमेरिकेत १९६२ च्या आदर्श दंड संहितेने उलटी दिशा धरली: गुन्हा किती उरला हे न पाहता माणूस किती पुढे आला ते पाहायचे, आणि हेतूला भक्कम दुजोरा देणारे ‘ठोस पाऊल’ पुरेसे मानायचे. दबा धरून बसणे आणि जागेची टेहळणी करणे अशा कृतींची यादीच त्यात दिलेली आहे. याची भरपाई म्हणून स्वेच्छेने आणि पूर्णपणे माघार घेणाऱ्याला बचावाची वाटही दिली आहे.

आपल्याकडेही एकदा हे घडता घडता राहिले. विधी आयोगाच्या १९७१ च्या बेचाळिसाव्या अहवालाने शेवटच्या कलमातला हा विषय उचलून पुढे आणण्याची आणि प्रयत्नाची व्याख्या करण्याची शिफारस केली होती. आवश्यक तो हेतू किंवा ज्ञान बाळगून गुन्ह्याच्या दिशेने कृती करणे, ती कृती गुन्ह्याशी निकट संबंधित आणि त्याच्या जवळची असणे, आणि कर्त्याला ठाऊक नसलेल्या गोष्टींमुळे किंवा त्याच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे ती फसणे, असे तीन भाग त्या व्याख्येत होते. पहिले दोन भाग न्यायालये आधीच बोलत होती तेच होते. तिसरा भाग मला त्या मसुद्यातला खरा कळीचा भाग वाटतो, कारण त्यातून आपोआप असे निघते, की जो माणूस स्वतःहून थांबला त्याची कृती ‘हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे’ फसलेली नाही, म्हणून तो प्रयत्न नाही. माघारीचा शब्दही न उच्चारता आयोगाने माघारीची वाट ठेवली होती. त्या अहवालावर आधारलेले दुरुस्ती विधेयक १९७८ साली राज्यसभेत मंजूर झाले आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले.

त्यानंतर संधी आली ती थेट २०२३ साली. सगळी संहिताच नव्याने लिहिली जात होती. ५११ कलमांची ३५८ झाली, आणि प्रयत्नाचे कलम शेवटून उठून ६२ व्या क्रमांकावर, चिथावणी आणि कटाच्या शेजारी आले. जागा योग्य मिळाली, यात शंका नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने कलम त्या रूपात राहिले नाही, हेही चांगलेच झाले. ज्या प्रयत्नाच्या यशानंतर आरोपी उरत नाही त्याला गुन्ह्यांच्या रांगेत उभे करण्यात काही अर्थ नव्हता. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेले ६२ वे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा तेच वाक्य, तीच निम्मी शिक्षा, तीच फोडलेली पेटी आणि तोच रिकामा खिसा तिथे होता. १६० वर्षांनंतरही ‘क’ला चोरायला दुसरे काही सुचलेले नव्हते.

याची किंमत काय, ते मार्च २०२५ मध्ये दिसले. एका अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने, समन्स काढण्याच्या प्राथमिक टप्प्यावरच, असे मत दिले की तिला पकडणे, तिच्या पायजम्याची नाडी तोडणे आणि तिला पुलाखाली ओढण्याचा प्रयत्न करणे एवढ्यावरून बलात्काराचा प्रयत्न दिसत नाही, कारण तयारीच्या टप्प्यापलीकडे गोष्ट गेल्याचे दिसायला हवे. देशभर संताप उसळला, आणि दहाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्या आदेशाला स्थगिती दिली व त्यातल्या असंवेदनशीलतेवर बोट ठेवले. संवेदनशीलतेचा मुद्दा खराच आहे. पण मला असेही वाटते, की न्यायाधीशासमोर कलम उघडल्यावर पेटी आणि खिसा याखेरीज काहीच नसेल, तर माणसाच्या शरीरावरचा हल्लाही पेटी फोडण्याच्या मापाने मोजला जाण्याचा धोका राहतो. याच सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात हेतू, तयारी आणि प्रयत्न यांतला फरक विस्ताराने समजावून सांगत बलात्काराच्या प्रयत्नाची शिक्षा पुन्हा कायम केली होती. तो निकाल उपलब्ध होता. पण निकाल शोधावा लागतो. कलमाखालचे उदाहरण डोळ्यांसमोर असते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की व्याख्येच्या मागे फार धावू नये. ‘निकट’, ‘ठोस’, ‘निव्वळ तयारीच्या पलीकडे’ ही सगळी विशेषणे आहेत, आणि विशेषणाला प्रत्येक न्यायाधीश आपापले माप लावतो. आपल्या संहितेचे मूळ बळ तिच्या उदाहरणांत आहे. ३०७ खालचीच उदाहरणे पाहावीत, जी आता १०९ व्या कलमाखाली आहेत: ‘क’ने ‘य’ला मारण्यासाठी बंदूक विकत घेतली आणि भरली, अजून गुन्हा नाही, त्याने ती ‘य’वर झाडली, गुन्हा झाला. विष विकत घेऊन अन्नात कालवले पण ते अन्न स्वतःपाशीच ठेवले, गुन्हा नाही. ते ‘य’च्या मेजावर मांडले किंवा मांडण्यासाठी नोकराच्या हाती दिले, गुन्हा झाला. खुनाच्या प्रयत्नाबाबत तयारी कुठे संपते यावर आमच्या न्यायालयांत तुलनेने कमी वाद होतात, त्याचे श्रेय मी या दोन-चार ओळींना देतो. उदाहरणे ही शोभेसाठी नसतात आणि कलमाचा अर्थ लावताना त्यांना मोल द्यायचे असते, हे ब्रिटिश काळातले अपिलांचे शेवटचे न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९१६ सालीच सांगून ठेवले आहे.

तेव्हा ६२ व्या कलमाखाली नवी उदाहरणे घालावीत. त्यासाठी कलमाचा एक शब्दही बदलायला नको. मी माझ्यापुरती काही लिहून ठेवली आहेत. ‘क’ वीजबिल थकल्याचा खोटा संदेश तयार करतो, पैसे भरण्याचे बनावट पान बनवतो आणि हजारो मोबाइल क्रमांकांची यादी विकत घेतो. यात त्याने दुसरा एखादा गुन्हा केला असेल, फसवणुकीचा प्रयत्न अजून केलेला नाही. तो संदेश यादीतल्या एका क्रमांकावर पाठवतो. तो क्रमांक बंद पडलेला असला तरी प्रयत्न झाला. दुसरे: ‘क’ ‘य’ला बलात्काराच्या हेतूने धरून आडोशाला ओढू लागतो, तिचे कपडे फाडतो, आणि वाटसरूंची चाहूल लागून पळतो. ‘क’ने प्रयत्न केला आहे. हे उदाहरण छापलेले असते, तर त्या मार्च महिन्यातला आदेश लिहिणे फार अवघड गेले असते.

तिसरे उदाहरण माघारीचे. ‘क’ रात्री सोसायटीतल्या एका सदनिकेच्या गॅलरीत चढतो आणि ग्रीलचे कुलूप कापतो. वॉचमनची शिट्टी ऐकून तो उतरून पळाला, तर तो चोरीचा प्रयत्न आहे. कोणीही आले नसताना, कसलाही धोका दिसत नसताना तो आपण होऊन खाली उतरून निघून गेला, तर ग्रीलचे नुकसान आणि दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून शिरण्याची आगळीक यांबद्दल तो दोषी आहे, चोरीच्या प्रयत्नाबद्दल नाही. आजच्या कायद्यात ही सवलत नाही. कुलूप कापले तिथेच प्रयत्न पूर्ण धरला जाण्याचा संभव मोठा आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे ज्येष्ठ सहकारी म्हणतात, की हे छापले तर उद्यापासून प्रत्येक आरोपी आपण होऊनच परतलेला असेल. माझे त्यांना उत्तर असे, की अपवादाचा फायदा मागणाऱ्यानेच तो सिद्ध करावा, हा पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे आणि २०२३ च्या साक्ष अधिनियमातही तो १०८ व्या कलमात कायम आहे. तोच इथे लावावा.

त्यावर त्यांनी टाकलेला पेच मात्र माझ्याकडून अजून पुरता सुटलेला नाही. विषाचे अन्न ‘य’च्या मेजावर मांडले की खुनाचा प्रयत्न झाला, असे संहितेचेच उदाहरण सांगते. मग ‘य’ने पहिला घास उचलायच्या आत ‘क’नेच ताट हिसकावून ते अन्न ओतून दिले तर? त्यांच्या मते उदाहरणाचे शब्द स्पष्ट आहेत, गुन्हा झालेला आहे, आणि फार तर शिक्षा ठरवताना त्याचा विचार व्हावा. गोळी सुटली, संदेश गेला, की कृती कर्त्याच्या हातात उरत नाही, आणि तिथे माघार मानता येणार नाही, एवढे मी कबूल करतो. पण मेजावरचे ताट अजून त्याच्या हाताच्या अंतरावर आहे, आणि जो ते उचलतो तो ‘य’चा जीव स्वतःच वाचवतो, अशा माणसाला दहा वर्षांच्या कलमाखाली उभे करण्याऐवजी त्याला ताट उचलण्याचे एक जास्तीचे कारण कायद्याने द्यावे, असा युक्तिवाद मी करतो. सध्या त्याला आधार म्हणून दाखवायला बेचाळिसाव्या अहवालातला तो तिसरा भाग सोडून माझ्याकडे काही नाही, आणि तो कधी कायदा झालाच नाही, याची आठवण सहकारी दर वेळी करून देतात.